डिचोलीच्या बोर्डिंगात, पुढच्या जिन्याने

दुपारचं जेवण झालं की मी आणि शालिनी कॉन्व्हेंटच्या विहिरीवर ताटं घासायचो. राख ती आणायची, पाणी मी ओढायचे. मग ती माझ्या ताटात बघून केस सारखे करायची, कारण तिच्या ताटाच्या मधोमध तांबटाने ठिपक्यांनी नाव ठोकलं होतं, कु. शालिनी, पार्से. त्यात चेहरा धड दिसत नसे. माझं नाव काठावर होतं.

आठवीच्या दिवाळीत तिचं गावातल्या गावातच लग्न ठरलं आणि ती परतलीच नाही. ताट फडताळात राहिलं. मॅट्रिकनंतर निघताना मी ते मागितलं. सिस्टर म्हणाल्या, बोर्डिंगची वस्तू आहे, राहू दे. मी राहू दिलं.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाने, मंदारने, फोनवर जाहिरात दाखवली. आमच्या बोर्डिंगचं आता बुटीक हॉटेल झालंय. जेवणघराच्या भिंतीवर पितळी ताटं, आणि एकाच्या मधोमध ठिपके. तिथे जाऊन तमाशा करू नकोस, म्हणाला. मी दोन दिवसांसाठी खोली घेतली.

रत्नागिरीहून रेल्वेने पेडणे, तिथून टॅक्सीने पार्से. शालिनीला फोन केला होता, ती घराच्या पायरीवर पिशवी घेऊन बसलेलीच होती. म्हापसा, अस्नोडा करत डिचोलीला दीड तास लागला. टॅक्सीचं भाडं आधी ठरवा. गुडघे शाबूत असतील तर म्हापशाहून बस घ्या, सतत असते. खोली सात हजार, नाश्त्यासह.

गाडीतून उतरल्यावर शालिनी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. पुढचा जिना पाद्री आणि पालकांसाठी होता, आम्ही मुली मागून. मी तिचा हात धरला आणि आम्ही पुढच्या जिन्याने चढलो. प्रत्येक पायरीवर ती गुडघ्याला शिव्या देत होती.

काम सुरेख केलंय, खोटं कशाला बोलू. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या जपल्यात. आमच्या तीस खाटांच्या जागी चार खोल्या आहेत.

सकाळी नाश्त्याला गेलो. ताटांखाली पाटी होती, ‘स्थानिक लोककला, कलाकार अज्ञात’. शालिनीने ती वाचली, वर स्वतःचं नाव वाचलं, आणि खुर्चीवर बसली. ते मला सहन झालं नाही. मी ताट काढून मागितलं. बेळगावची तरुण मॅनेजर नम्रपणे म्हणाली की ती सजावटीची वस्तू आहे, मालकांना विचारावं लागेल. मी दुसरी खुर्ची भिंतीला लावली आणि चढू लागले. कोल्हापूरचा वेटर धावत आला, आज्जी पडाल, मी काढतो म्हणाला.

तेव्हा शालिनी मॅनेजरला म्हणाली, "बाये, तुज्या मालकाक विचार, तो ह्या ताटात कधी जेवलो?"

मॅनेजर वेटरकडे वळली. मग म्हणाली, "काढ."

ताट टेबलावर आलं. मी पातळभाजी वाढायला गेले, तर शालिनीने हात आडवा धरला. "कल्हई खंय आसा? कळकतली." बिनकल्हईच्या पितळेत रस्सा कळकतो, म्हणून भाजी वाटीत, ताटात उंडा पाव आणि केळं. पन्नास वर्षांनी तिने नाव झाकलं जाईल असा उंडा ठेवला आणि सावकाश खाल्ला.

निघताना मालकांचा फोन आला, ताट द्यायचं नाही. मॅनेजरने ते आम्हाला ऐकवलं आणि स्वतःच ताट वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. ते घेऊन आम्ही पुढच्याच जिन्याने उतरलो. माझा पत्ता त्यांच्या रजिस्टरात आहे.

ताट पार्श्यात पोचलं. मी रत्नागिरीला आले, माळा उघडून पितळी भांडी खाली काढली. मंदार याला भंगार म्हणतो आणि हा ब्लॉग वाचतो, म्हणून माझ्यामागे कुणाला काय ते इथेच लिहिते. आईच्या नावाची परात सूनबाईला. लग्नातला तांब्या बेळगावच्या त्या मुलीला, तिची नोकरी राहो वा जावो. काठावर नाव असलेलं माझं ताट शालिनीच्या नातीला, सईला, म्हणजे दोन्ही ताटं एका घरात राहतील. मंदारला मोठं पातेलं.

यातलं काहीही भिंतीवर टांगायचं नाही. आधी कल्हई करून घ्यायची, मग त्यात जेवायचं.