एकच चित्र, सगळ्यांना

परवा आमच्या मंडळाच्या सभेत लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं मंडळ दिल्लीतल्या मराठी लोकांचं. महाराष्ट्रातल्या गावांमधून जी मुलंमुली स्पर्धा परीक्षांसाठी इथे येतात, त्यांच्यासाठी निवृत्त अधिकाऱ्यांची व्याख्यानं ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. मुलाखतीत कसं बसावं, काय बोलावं, कुठे गप्प राहावं. काही वर्षांपूर्वी ही व्याख्यानं वेबसाइटवर टाकायचं ठरलं आणि काम माझ्या सुनेकडे आलं. ती नोएडात आयटी कंपनीत आहे. रविवार मोडून, फुकट करणार होती.

जेवताना तिने मला समजावलं. "बाबा, एकाच व्याख्यानाचे चार आकार करायचे, मोठ्या चित्रापासून अगदी छोट्यापर्यंत. प्रत्येकाचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे. ज्याचं नेट जसं, तसा तुकडा त्याच्याकडे आपोआप जातो. नेट मंदावलं तर चित्र पुसट होतं, पण व्याख्यान थांबत नाही."

मी भडकलो. टीव्हीच्या प्रक्षेपणात इंजिनिअर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. आमच्या टॉवरवरून एकच चित्र निघायचं. बंगल्यात तेच, झोपडीत तेच.

"म्हणजे गुरुग्रामच्या साहेबाला लख्ख चित्र आणि राजेंद्रनगरला भाड्याच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या पोराला पुसट? असला भेदभाव मी होऊ देणार नाही. एकच एमपीफोर फाइल, उत्तम दर्जाची, सगळ्यांना!"

"बाबा, त्या पोराला काहीच दिसणार नाही."

"मला शिकवू नकोस. माझा जन्म गेलाय यात."

समिती माझ्या बाजूने होती. भेदभाव हा शब्द काढल्यावर कोण विरोध करणार? चाचणी झाली ती अध्यक्षांच्या गुरुग्राममधल्या फ्लॅटवर, भिंतभर टीव्हीवर, घरच्या दणदणीत वायफायवर. "वा, बिल्कुल थिएटर!" असं म्हणत सगळ्यांनी कचोऱ्या खाल्ल्या. सुनेने आपल्या फोनचं वायफाय बंद केलं आणि तेच व्याख्यान लावून माझ्यापुढे धरलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. ते मी पाहिलं. नीट पाहिलं. आणि म्हणालो, "तुझा फोन जुना झालाय."

समानता वगैरे काही नव्हतं ते. माझ्या देखरेखीखाली निघालेलं चित्र कुठेतरी पुसट दिसणार, हे मला सहन होत नव्हतं, एवढंच.

पुढे व्हायचं तेच झालं. एकेका खोलीत तिघंतिघं राहणारी मुलं, रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला. एक मुलगी भर सभेत म्हणाली, "सर, 'नमस्कार मित्रांनो' एवढं ऐकू येतं, मग गोल गोल फिरत राहतं." लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, "यार, घरच्या पोरीवर काम टाकलं की असंच व्हायचं. प्रोफेशनल हवा होता."

घरची पोर दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी समोरचा चहा उचलला आणि प्यायलो.

त्यानंतर ती मंडळात आली नाही. गणपतीलाही नाही. लोक विचारायचे, तेव्हा मी सांगायचो, ऑफिसचं काम फार असतं.

परवाच्या सभेत एका एजन्सीने नवी योजना मांडली: एका व्याख्यानाचे चार आकार, छोटे तुकडे, नेटप्रमाणे आपोआप. अध्यक्ष खूश. "अच्छा! हे मागच्या वेळी सूनबाईंना सुचलं असतं तर पोरांचं इतकं नुकसान झालं नसतं."

मी उठलो. म्हणालो, "तिला सुचलं होतं. मी होऊ दिलं नाही. दोष माझा आहे."

मग टाळ्या. "केवढं मोठं मन!" "सुनेसाठी स्वतःवर घेतलं! असा सासरा मिळायला नशीब लागतं." मी ओरडलो, "अहो, मी खरं बोलतोय!" तर तरुण सचिव माझा खांदा दाबत म्हणाले, "बसा काका, बीपी वाढेल. सगळ्यांना समजलंय."

काय समजलं यांना? एका शिकल्यासवरल्या बाईने योग्य सांगितलं असेल आणि म्हातारा चुकला असेल, एवढी साधी गोष्ट या माणसांच्या डोक्यात शिरत नाही. मी गप्प बसलो तेव्हा यांनी मला जाणकार मानलं, आणि खरं बोललो तर उदार!

घरी येऊन सुनेला सगळं सांगितलं. तिने लॅपटॉपवरून मान वर केली.

"टाळ्या वाजवल्या?"

"हो."

ती हसली. ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "तेव्हा एक वाक्य पुरलं असतं, बाबा," असं म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

ते वाक्य इथे लिहून ठेवतो. कोणी टाळ्या वाजवू नयेत. चार आकार करू, असं तिने सांगितलं होतं. एकच ठेव, असं मी म्हणालो, आणि तिच्या फोनवर ते चक्र फिरताना पाहूनसुद्धा म्हणालो.