हातात मावेल एवढं झबलं

माझा धंदा काय, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही धड सांगता येत नाही. "तो कॉम्प्युटरचं काहीतरी करतो," असं ती सांगते आणि मग तिचे शेजारी बंद पडलेले प्रिंटर माझ्या दारात आणून ठेवतात. खरं तर काम सोपं आहे. लोक इंटरनेटवर काही शोधताना कोणते शब्द लिहितात ते मी हुडकून काढतो. त्यांना कीवर्ड म्हणतात. कुठला शब्द महिन्याला किती जणांनी लिहिला, त्याचा आकडा माझ्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. कुलूपवाल्याच्या वेबसाइटवर 'संपूर्ण सुरक्षा उपाय' असं काहीतरी भारदस्त लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक बिचारं 'कपाटाची किल्ली हरवली' असं लिहून वाट बघत बसतं. कुलूपवाल्याचं पान शोधाच्या यादीत वर चढवून त्या दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच. चौदा वर्षं मी हे करतोय. मावशी भेटेपर्यंत मला वाटायचं, आपल्याला यातलं कळतं.

मावशी नात्यातली नव्हती. माझं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या मावतील अशी खोली, आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर ती एकटी राहायची. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात शिवणखोली होती, तिथे तिनं एकतीस वर्षं काढली. चादरींच्या कडा, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन. ती निवृत्त झाली त्याच वर्षी ती खोली बंद झाली. चादरी बाहेरून शिवून येऊ लागल्या. मावशी कानानं कमी ऐकायची आणि तोंडानं जास्त बोलायची. जिन्यात भेटली की "काय रे शहाण्या, आज कोणाला वर चढवलंस?" हा प्रश्न ठरलेला.

एका सकाळी ती पत्र्याचा डबा घेऊन वर आली आणि माझ्या कीबोर्डवरच ठेवला. "लोकांना वेबसाइटपर्यंत आणतोस म्हणे तू. मग माझ्यापर्यंत आण."

डब्यात झबली होती. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाची, मागून पूर्ण उघडी, बटण नाही, नुसते बारीक बंद. सगळ्यात मोठं माझ्या पंजाएवढं असेल. मी लगेच धंद्याचं बोललो. "मावशी, बाहुल्यांच्या कपड्यांना चांगली मागणी असते."

"बाहुल्यांचे नाहीत," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. कधीकधी बाळ फार लवकर येतं, पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि आलं तेव्हाच गेलेलं असतं. त्याला निरोप देण्याआधी आईला वाटतं, काहीतरी घालावं. बाजारात त्या मापाचं काही मिळत नाही. हॉस्पिटलमध्ये गॉजच्या पट्टीत गुंडाळून द्यायचे. कुणी बाप नाहीतर आजी विचारत विचारत तळघरात यायची, शिवणखोलीच्या दारात उभी राहायची, आणि मावशी हातातला गाऊन बाजूला टाकून दहा मिनिटांत झबलं शिवून द्यायची. बाळाचं अंग इतकं नाजूक असतं की हात बाहीत घालता येत नाहीत. झबलं वरून ठेवायचं आणि मागे हलकेच बंद बांधायचे, हे तिचं तिनंच शोधून काढलेलं. आता खोली नाही, दार नाही. त्या लोकांना ती सापडणार कशी?

"पैसे घेणार नाही," तिनं मला बजावलं. "आणि वेळ नसतो रे त्यांच्याकडे. एक दिवस. कधी अर्धाच. तेवढ्यात सापडले पाहिजे मी."

मी होकार दिला, आणि नंतर जे केलं ते माझ्या धंद्यातला माणूसच करू जाणे. मी आधी आकडे बघितले.

मावशीनं मला कागदावर काही वाक्यं लिहून दिली होती. शिवणखोलीच्या दारात उभं राहून लोक जे बोलायचे, ती जशीच्या तशी. 'एवढं लहान काही मिळेल का.' 'बाळ गेलं, त्याला काय घालू.' 'हातात मावेल एवढं झबलं.' मी ती सॉफ्टवेअरमध्ये टाकली. प्रत्येकापुढे एकच उत्तर: माहिती उपलब्ध नाही. म्हणजे असं लिहिणारं कोणी नाही, निदान मोजण्याइतकं तरी नाही. आणि 'नवजात बाळाचे कपडे'? महिन्याला नऊ हजार.

"मावशी, हे असं कोणी लिहीत नाही," मी म्हणालो.

"तुला काय माहीत? तू होतास दारात?"

"यंत्र सांगतंय."

"यंत्र होतं का दारात?"

मी हसलो. मला तो प्रसंग आठवला की आजही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. कागद घडी करून खणात टाकला, मावशीसाठी इंटरनेटवर एक पान तयार केलं आणि त्याला मथळा दिला: 'नवजात बाळाचे सुंदर सुती कपडे'. मावशीला ऐकायला कमी येतं म्हणून फोन नंबर माझा टाकला. तीन महिने भरपूर लोक आले. सगळे चुकीचे.

एक दिवस फोन आला तेव्हा मावशी समोरच बसली होती. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की तिलाही सगळं ऐकू गेलं. "माझ्या बायकोला आठवा महिना लागलाय. बाळाचे कपडे शोधत होती. तुमचं ते पान उघडलं तिनं, आणि आत गेलेल्या बाळांचं वाचलं. सकाळपासून रडतेय. जेवली नाही. तुम्हाला काही लाज?"

मी माफी मागितली. दुसरं काय करणार? मावशीचा चेहरा एवढासा झाला. आयुष्यभर तिनं रडणाऱ्या बाईच्या हातात काहीतरी दिलं होतं. रडवलं कुणालाच नव्हतं. "बंद कर ते," ती म्हणाली. "आत्ताच कर."

पान बंद करण्यापूर्वी मी सवयीनं अहवाल उघडला. आपलं पान कोणते शब्द लिहिल्यावर कितीदा दिसलं, त्याची ती यादी असते. एकट्यादुकट्यानं लिहिलेली वाक्यं त्यात सहसा येतही नाहीत. पण तळाशी एक आलं होतं.

'सहाव्या महिन्यात बाळ गेलं त्याला काय घालू.' दिसलं: एकदा. उघडलं: शून्य. क्रमांक: त्रेसष्ट.

एका पानावर दहा नावं, म्हणजे त्रेसष्ट हे शोधाच्या यादीत सातव्या पानावर. शोधणारी माणसं दुसऱ्या पानावरसुद्धा जात नाहीत, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. ही बाई सातव्या पानापर्यंत गेली होती. तिथे तिला आमची ओळ दिसली, आणि त्या ओळीवर माझा मथळा होता. 'नवजात बाळाचे सुंदर सुती कपडे'. तो वाचून तिनं फोन ठेवून दिला असणार. मीही ठेवला असता.

मावशीपासून लपवायचं माझ्या मनात होतं, पण माझा चेहरा बघून तिनं ओळखलं. मी वाचून दाखवलं.

"कधीचं?"

"मंगळवारचं."

"मंगळवारी मी घरीच होते," ती म्हणाली. मग, "कुठे राहते ती?"

"ते कळत नाही, मावशी."

"निरोप पाठव तिला."

"पाठवता येत नाही. कोण आहे तेच कळत नाही. नुसतं वाक्य येतं."

मावशी डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. तिलाही असंच एक बाळ झालं होतं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. तिला दाखवलंच नाही. बघू नकोस, विसरशील, असं सगळे म्हणाले. नवऱ्यानं बघितलं होतं. "कशात गुंडाळलं होतं, एवढंच मी विचारायची त्याला. तर उठून बाहेर जायचा. मरेपर्यंत सांगितलं नाही त्यानं." तिनं पदरानं डोळे पुसले, डब्याचं झाकणही पुसलं. "म्हणून म्हणते रे, नऊ हजार नकोत मला. ती एक हवी होती."

मी खणातून कागद काढला. त्या दिवशी आम्ही दोघांनी ते पान पहिल्यापासून लिहिलं. 'सुंदर' गेलं, 'नवजात' गेलं. मावशीची वाक्यं तिच्याच शब्दांत वर आली. बाळाचं माप कसं घ्यायचं, बंद कसे बांधायचे, हे तिनं मला एखाद्या मठ्ठ पोराला सांगावं तसं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. 'मृत' हा शब्द घालू या का, असं मी भीत भीत विचारलं. डॉक्टरांच्या कागदावर तोच असतो, लोक तो लिहितात. ती म्हणाली, "कागदावर असू दे. आई बाळच म्हणते."

चार महिन्यांत आम्ही त्रेसष्टवरून पहिल्या क्रमांकावर आलो. यात माझी हुशारी काडीची नाही; ती वाक्यं दुसऱ्या कुणी लिहिलीच नव्हती.

पहिला फोन एका आजीचा होता. मी जिन्यावरून धावत खाली गेलो. काय विचारायचं ते मावशीनं मला पढवून ठेवलं होतं: बाळ केवढं आहे, एवढंच विचारायचं. कितवा महिना, काय झालं, कसं झालं, हे विचारायचं नाही. ते त्यांनी दिवसभर सगळ्यांना सांगितलेलं असतं. मावशी डबा घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसली. हॉस्पिटलमध्ये ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसलो. अर्ध्या तासानं आली. "बसलं मापाला," इतकंच बोलली, आणि घरी येईपर्यंत माझा खांदा धरून होती.

दोन वर्षांत असे अडतीस फोन आले. माझ्या गिऱ्हाइकांत असलं क्षुल्लक पान दुसरं नव्हतं आणि दिवसातून चारदा क्रमांक बघावा असंही दुसरं नव्हतं. रोज पहिला. मी जिन्यात ओरडून सांगायचो, "मावशी, अजून पहिलाच!" आणि ती खालून ओरडायची, "मग मी काय नाचू?" पण शिलाईयंत्राचा आवाज लगेच सुरू व्हायचा.

गेल्या वर्षी ती दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. तिच्या भाचीनं खोली आवरली आणि डबा मला आणून दिला. आत सात झबली होती. मावशीसाठी मी रडलो तो तेव्हा. लोकांसमोर नाही, त्या सात झबल्यांसमोर.

सहा मी स्वतः नेऊन दिली. मला आत जाववत नसे. दारातच बापाच्या नाहीतर नर्सच्या हातात द्यायचो आणि बंद कसे बांधायचे ते सांगायचो. सातवंही गेलं. डबा रिकामा झाला तेव्हा पान उतरवायला हवं होतं. एक मिनिटाचं काम. मी केलं नाही. स्वतःला सांगितलं की दुसरी शिवणारी शोधू, दोघींना विचारलंही. एक म्हणाली बघते, एक नको म्हणाली. पण खरं कारण वेगळं होतं. एकदा उतरवलेलं पान परत तिथे चढत नाही, आणि मावशीची राहिलेली एवढी एकच गोष्ट होती. पहिल्या क्रमांकावरचं पान स्वतःच्या हातानं खाली ओढायला माझा हात धजेना. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. तरुण आवाज होता, हळू बोलणारा, बाजूला कुणी झोपलेलं असावं तसा.

"झबल्यासाठी फोन केला होता."

"बाळ केवढं आहे?" मी म्हणालो. सवयीनं. तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं की मी काय विचारलं.

"थांबा हं, मोजून सांगतो."

मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यानं फोन खाली ठेवला होता. मला सगळं ऐकू येत होतं. त्यानं कुणाकडे तरी टेप मागितली. कुणाची तरी पावलं गेली आणि आली. मग तो बायकोशी बोलला, "जरा धर. नाही, हात राहू दे, असंच राहू दे." मी फोन कानाला लावून उभा होतो, आणि बंद करण्याचंही धैर्य नव्हतं.

"सव्वीस सेंटीमीटर," तो म्हणाला. आवाजात किंचित उभारी होती; हातात काहीतरी काम मिळालेल्या माणसाला येते तशी.

मी त्याला सांगितलं. शिवणाऱ्या मावशी गेल्या, झबली संपली, पान काढायचं राहून गेलं, माझी चूक झाली. एका दमात सगळं बोललो. त्यानं मध्ये तोडलं नाही. ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं, ऐकायला उभाच होतो.

"बरं," तो म्हणाला. मग फोन ठेवायच्या आधी, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, त्यानं सांगितलं, "तुमचं पान मात्र लगेच सापडलं हो. सगळ्यात वर होतं."