पोपट हाकलणारा आवाज
बाजारात दशहरी आंब्यांचा वास आला, की मला नव्वदच्या दशकातील लखनौच्या कचेरीतील एक सकाळ आठवते. मी तेथे अर्जनवीस होतो आणि वकीलमंडळी आपले साक्षीदार तयार करण्यासाठी विश्वासाने माझ्याचकडे पाठवीत. मलिहाबादच्या आंबराईतील एका रखवालदारावर मालकाघरच्या चोरीचा खोटा आळ आला होता. चोरीच्या रात्री तो झोपडीतच होता, हे सांगू शकणारी एकटी त्याची बायको. परंतु पदराआडचा तिचा शब्द मलाही ऐकू येईना. "बागेतले पोपट कशी हाकलतेस?" मी विचारले. ती हसली. "वहाँ कोई मर्द थोड़े बैठा रहता है, बाबूजी." "मग हाकिमांनाही पोपटच समज," मी गंभीरपणे म्हणालो. साक्षीच्या वेळी तिच्या आवाजाने सारे दालन दणाणले. न्यायाधीशांनी हळू बोलण्यास सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "हुज़ूर, धीमे न कराइए, रुक गई तो फिर बोल न पाऊँगी." ते मुकाट्याने लिहू लागले आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मान खाली घालून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने प्रथमच वर पाहिले. निकाल अद्याप दूर होता, तरी मला तो त्या क्षणीच दिसू लागला. आजही कोणताही साक्षीदार आला, की मी त्याला प्रथम मोकळ्या आवाजात स्वतःचे नाव सांगायला लावतो.