घरट्यापायी पुढं गेलेलं प्रॅक्टिकल

मी झाडलोट करते त्या कळंबच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या एक बाई आहेत, लई तऱ्हेवाईक. विषारी वाफ बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटात त्या रोज दोरा धरून बघतात. दोरा आत ओढला गेला, तरच पोरांना बर्नर पेटवू देतात.

मागं एकदा दोरा हललाच न्हाय. आम्ही गच्चीवर गेलो, तर कपाटाच्या धुराड्यात साळुंकीचं घरटं, आत पिल्लं.

"ठिणगी गेली तर हे गवत भडकेल," म्हणत बाईंनी कपाटाला कुलूपच घातलं.

प्रिन्सिपॉल तणतणले, "उद्या प्रॅक्टिकल आहे! घरटं फेका काढून."

"पिल्लं उडाल्यावर काढते, सर. प्रॅक्टिकल पुढं ढकला."

बोलणी खाल्ली, पण ढकलायला लावलं. पिल्लं उडाल्यावर बाईंनी स्वतः गवत उपसलं, वर जाळी बसवली.

मी म्हटलं, "पाखरांवर लई जीव व्हय तुमचा?"

"छे हो मावशी, मला पाखरांची भीती वाटते."