राजूर, भोकरदन आणि हसीनाबीचा ठावठिकाणा

निजामाचं संस्थान हिंदुस्थानात गेलं, आम्ही हद्दीपलीकडच्या चिखलीहून जालन्याला परतलो, कापडाचं दुकान पुन्हा उघडलं, आणि एके दिवशी जेवताना ह्यांनी विचारलं, "आता सगळं बराबर झालंय. रेल्वेनं नाशिकला जाऊन यायचं का?"

मी म्हटलं, "नको. परमुलूख बघून डोळे दमलेत. आपलाच मुलूख दाखवा."

खरं सांगते, लग्न होऊन जालन्यात आले तेव्हापासून राजूरचा गणपती बघायचा राहिला होता. जवळ आहे, कधीही जाऊ, म्हणत राहूनच गेला. सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, एवढंच बोलल्या, "राजूरला जाताच आहात तर मंग पुढं भोकरदनलाबी जाऊ."

घरात सगळ्यांना कळलं. भोकरदन त्यांचं माहेर. तिथं त्यांची बालमैत्रीण हसीनाबी, बांगड्या भरणारी. धामधुमीच्या दिवसांत आम्ही जालना सोडलं तेव्हा तिनं आम्हाला घरात लपवलं होतं. दुसऱ्या दिवशी बुरखा घालून स्वतः गाडीत पुढं बसली, नाक्यावरच्या बंदूकवाल्यांना म्हणाली, "मेरे घर की औरतां हैं, शादी को जारे." अशी आम्ही हद्द ओलांडली. नंतर हिंदुस्थानची फौज आली, वारा फिरला, तेव्हा भोकरदनच्या मुसलमान गल्लीतली पुष्कळ माणसं पांगल्याचं कानावर आलं. त्या दिवसापासून आत्याबाईंनी तिचं नाव काढलं नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी निघालो. ह्यांनी चुलतभावाची छपराची बैलगाडी मागून आणली, हाकायलाही स्वतःच बसले. जाणाऱ्यांनी गाडीत कडबा जाड अंथरावा, रस्ता खडीचा आहे, हाडं खिळखिळी होतात. घरून धपाटे, शेंगांची चटणी आणि दही घेतलं होतं. वाटेत एका मळ्यात हुरडा चालला होता. मळेवाल्यानं हाक मारून गाडी थांबवली, आणि पैसे विचारले तर रागावला. राजूरच्या टेकडीवर माझी पाच वर्षांची कमल पायऱ्या पळत चढली. वरून सगळीकडे हिरवी ज्वारी. याच रानातून आम्ही छपरात माना घालून गेलो होतो, तेव्हा मला त्यातलं काही दिसलं नव्हतं. रात्री धर्मशाळेत उतरलो. दुकानदार संस्थानचं हाली नाणं घेईना, हिंदुस्थानी कलदारच मागे, तेव्हा दोन्ही जवळ ठेवलेली बरी.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना भोकरदनला पोहोचलो. हसीनाबीच्या दाराला कुलूप.

समोरची तेलीण बाहेर आली. "ती गेल्ती धावड्याला, लेकीकडं. स्वतःच्या हातानं कुलूप लावून गेली. म्हणाली, निवलं की येते."

"मंग आली का?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. त्यानंतर काईच कळलं न्हाई."

आत्याबाई त्या ओट्यावर बसल्या. मला वाटलं, रडतील. पण थोड्या वेळानं उठल्या, कमलचा हात धरला आणि केळना नदीकडे चालू लागल्या. आम्ही मागोमाग. काठाला जुनी लेणी आहेत, खांबांची, गार. "हितं आम्ही चिंचा खात लपून बसायचो," त्या कमलला सांगत होत्या. "मी आन् हसीना. तिची माय शोधत यायची काठी घेऊन." कमलनं प्रत्येक खांबामागं लपून बघितलं. लेणी बघायला पुष्कळ लोक अजिंठ्याला जातात. ही दारातली कुणी बघत नाही. मी मात्र धड बघू शकले नाही, उद्या धावड्याला काय कळेल, हेच सारखं मनात येत होतं.

धावड्याच्या वाटेवर अजिंठ्याचे डोंगर जवळ येत जातात. फार सुंदर रस्ता. गावाच्या अलीकडे कांद्याच्या वाफ्यात एक बाई वाकलेली होती. तिनं मान वर केली, कपाळावर हात धरून पाहिलं, आणि ओरडली, "काशे! अगं ए काशे!"

आत्याबाईंचं नाव काशीबाई. त्यांना अशी हाक मारणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. गाडी थांबायच्या आत त्या खाली उतरल्या, पदर सावरत वाफ्यात शिरल्या, आणि गळ्यात पडायच्या ऐवजी हसीनाबीच्या पाठीत एक धपाटा घातला.

"निरोप धाडाया काय झाल्तं तुला?"

"कुनाच्या हाती धाडू? रस्त्यानं मानूस चालत न्हवता. मेली समजली होतीस का मला?"

"समजले होते," आत्याबाई म्हणाल्या.

गावच्या पाटलांनी हसीनाबीला नि तिच्या लेकीच्या घराला सांभाळलं होतं. "आधी माझ्या अंगावर या, म्हनला त्यो चालून आलेल्या टोळीला," ती सांगत होती. तिच्या लेकीनं वांग्याची भाजी नि भाकरी वाढली. ह्यांनी किती खाल्ल्या ते सांगत नाही.

हसीनाबीला घरी जायचं होतं, एकटीनं निघायची भीती वाटत होती. "आमच्या गाडीत चल," आत्याबाई म्हणाल्या. "बघू कोन अडवतंय." कुणी अडवलं नाही. भोकरदनच्या वेशीत दोघी उतरल्या आणि गल्लीतून हातात हात घालून, मोठ्यानं बोलत चालत गेल्या. हसीनाबीनं कुलूप उघडायच्या आधीच तेलिणीनं पाण्याची घागर आणून ठेवली.

आम्ही जालन्याला परतलो. नाशिक काही पळून जात नाही, पुढं कधीतरी जाऊ. मी तो रस्ता पळायची वाट म्हणून ओळखत होते. आता त्यावर कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या चढाला बैल दमतात, हे मला ठाऊक आहे.

घरी आल्या दिवशी आत्याबाई दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या दिवेलागणीपर्यंत हलल्या नाहीत. कमल घाबरून मला बोलवायला आली. जाऊन पाहिलं तर त्या घोरत होत्या. इतके महिने त्या रात्र रात्र जाग्या असायच्या, हे मला तेव्हा कळलं.