दोन मिनिटांत संपवतो

भूत, आत्मा, अंगात येणं... या सगळ्याची मी आजवर फक्त टिंगल केलीय. आमच्या विदर्भात, वणीला ट्यूशनचा रस्ता स्मशानाजवळून जायचा. तिथे मी मुद्दाम रडणाऱ्या बाईचा आवाज काढून भल्याभल्या पोरांना पळवलंय. आवाज काढणं हा आपला धंदाच समजा. हेडसर, एसटीचा कंडक्टर, बातम्यांवाली मॅडम — एकदा ऐकलं की झालं. त्यामुळे हे वाचून कोणी म्हणेल की पोरगा फेकतोय, तर खुशाल म्हणा. मीही तेच म्हटलं असतं.

गोष्ट गेल्या वर्षीची. मी पुण्यात एमए इंग्लिश करतो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. तिथेच एका दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये रविवारी दिवसभराचं चर्चासत्र होतं. विषय — इंग्लंडचा तो चारशे वर्षांपूर्वीचा थोर नाटककार (कोण ते सांगायला नको), आणि मराठीत येऊन त्याचं काय झालं. मी आणि माझी वर्गमैत्रीण नाझनीन वॉलंटियर. माझ्याकडे माईक आणि पाण्याच्या बाटल्या, तिच्याकडे घंटी. वेळ संपली की टिंग करायचं. मग वक्ता म्हणणार, "दोन मिनिटांत संपवतो," आणि पुढची वीस मिनिटं बोलणार. सकाळी चौघांनी अगदी हेच केलं.

जेवणानंतरचे वक्ते वारज्याला ट्रॅफिकमध्ये अडकले. आयोजक सर माझ्यापाशी आले.

"जेवताना माझी नक्कल चालली होती ना? आता स्टेजवर जाऊन करा. दहा मिनिटं. आणि सभ्य."

गेलो. सकाळच्या चौघांना धुतलं. हॉल खदखदून हसत होता. मग वाटलं, आता एक विद्वान आपणच बनवू. रिटायर्ड, अस्सल पेठेतला, बोलायच्या आधी नाकातून लांब श्वास घेणारा आणि शेवटी "असो" म्हणणारा. जागेवर बनवला, आईशप्पथ.

"मी या नाटकांचा अभ्यासक नाही, मी त्यांचा पीडित आहे. असो."

कोणी हसलं नाही. पुढची म्हातारी मंडळी एकदम चिडीचूप.

पहिल्या रांगेतल्या सोहनी बाई उभ्या राहिल्या होत्या. रिटायर्ड प्राध्यापक. नवऱ्याबरोबर केलेल्या एका शोकांतिकेच्या भाषांतराबद्दल सकाळी बोलल्या होत्या. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला, शेवटचा प्रवेश करायचा राहूनच गेला, असं म्हणाल्या होत्या.

जोक पडला म्हणून मी पटकन आयोजक सरांच्या आवाजात जायला गेलो... आणि जाता येईना. तोंडातून तोच आवाज निघाला.

"बस ना, सुधा. उभी का?"

बाईंचं नाव सुधा आहे हे मला माहीतच नव्हतं. पत्रिकेत नुसतं 'प्रा. सोहनी' होतं.

मग जे सुरू झालं ते थांबेचना. पाय हलत नव्हते. मला ओरडायचं होतं, 'नाझे, मले काहीतरी होऊन राह्यलं बे!' — आणि बाहेर आलं, "आता शेवटच्या प्रवेशाकडे वळू या." माझ्या तोंडून इतका स्वच्छ 'ळ' जन्मात निघाला नव्हता!

नाझनीनने टिंग केलं.

"दोन मिनिटांत संपवतो," माझं तोंड म्हणालं.

हॉल फुटला. टाळ्या. मी आत बोंबलतोय, आणि लोकांना वाटतंय पोरगा काय भारी करतोय. परत टिंग. "शेवटचा मुद्दा." परत टाळ्या. आणि तो माणूस त्या प्रवेशातलं वाक्य न् वाक्य उलगडून सांगत होता. मी ते नाटक वाचलेलंसुद्धा नव्हतं, गाइडवर पास झालो होतो. मला एकच भीती — हे असंच राहिलं तर? संध्याकाळी आईचा फोन आला तर या आवाजात तिला कसं पटवू, की मी तुझा गजूच आहे?

बाई स्टेजच्या कडेला आल्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "अहो."

बावीस वर्षांच्या पोराला. आता कोणीच हसत नव्हतं.

"अहो, शेवटचा प्रवेश का फाडलात?"

नाकातून लांब श्वास.

"तो तू केला होतास. मला तसा जमला नसता. असो."

बाई स्टेजची कड धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "कळलं. बसा आता तुम्ही."

आणि माझा गळा सुटला. माईकवर पहिला शब्द निघाला — "आई वं!" लोक परत हसले. तेवढ्यात वारज्याचे वक्ते पोचले, कार्यक्रम पुढे सरकला.

नाझनीन म्हणाली, "यूट्यूबवर ऐकलं असशील यार कुठेतरी." दोघांनी मिळून शोधलं. काही नाही. सोहनी सरांना म्हणे रेकॉर्डिंगचा तिटकारा होता. आणि सर गेले तेव्हा मी वणीला आठवी-नववीत होतो.

पाच वाजता जिन्यात बाई भेटल्या. मी म्हटलं, "सॉरी बाई, मी मुद्दाम नाही..."

"माहीत आहे मला. ते कागद फाडल्याचं आम्हा दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. मी सगळ्यांना राहून गेला म्हणूनच सांगत आले."

"बाई, तुम्ही 'बसा' म्हणाला नसता तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? मला म्हणायचं नव्हतं. अजून दोन प्रश्न होते माझे. पण तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हे कधी रडले नाहीत हो, आई गेली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा लक्षात आलं, आत आणखी कोणीतरी आहे."

मी रडलो होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दिवशी माझ्या गळ्यात कोण होतं, कसं आलं, मला आजही कळलेलं नाही. बाई दर रविवारी जेवायला बोलावतात. खूप प्रेमाने. मी अजून गेलेलो नाही.