तेरा पॉइंट चव्वेचाळीस लीटर

श्यामराव गेडाम सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे 'हृद्य आठवण' मागितली. माझ्याजवळ आहे ती हृद्य नाही. तरी ती जशीच्या तशी छापावी, ही विनंती.

सरांची पहिली ओळख राजुऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात झाली. मी आणि सुमन मडावी, दोघी एटापल्लीकडच्या, तिथल्या वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. सर रसायनशास्त्र शिकवत. मोलची गणितं निघाली की अर्धा वर्ग गार पडायचा. सर म्हणत, "आधी समीकरण तोला, मंग आकडे टाका. घाई केली का बैल एकीकडे अन् गाडी एकीकडे."

एका चाचणीत त्यांनी विचारलं : भरपूर ब्लीचिंग पावडरमध्ये सहा मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल दोनशे मिलिलीटर टाकलं, तर प्रमाण तापमान व दाबाला किती क्लोरीन निघेल? मी आम्लाचे मोल काढले, निम्मे केले, बावीस पॉइंट चारने गुणलं. उत्तर तेरा पॉइंट चव्वेचाळीस लीटर. पूर्ण गुण मला एकटीलाच मिळाले. सरांनी माझी वही वर्गभर फिरवली. पुढे चार दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच आठवड्यात न्हाणीघर धुण्याची पाळी आमच्या खोलीची होती. सुमनने फरशीवर ब्लीचिंग पावडर पसरली. डाग निघेनात, म्हणून मी त्या पावडरीवर फरशी धुवायच्या ॲसिडची अख्खी बाटली ओतली. मुलींनी मध्येच आत येऊ नये म्हणून कडी लावलेली होती. वहीतलं आम्ल आणि बाटलीतलं ॲसिड एकच, हे पूर्ण गुणवालीच्या डोक्यात आलं नाही.

सर शेजारीच राहत. क्लोरीनने डोळे उघडेनात, कडी हाताला लागेना. आमचा ओरडा ऐकून ते धावले, दार तोडलं आणि नाकाला रुमाल लावून आम्हा दोघींना बाहेर ओढलं. सुमनला लहानपणापासून दमा होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. जीपमध्येच मी सरांना सांगितलं, "मीच ओतलं." ते म्हणाले, "आता बोलू नोको. श्वास घे."

चौकशीत सरांनी माझं नाव घेतलं नाही. "गणित शिकवलं, धोका नाई सांगितला. चूक माही आहे," एवढंच ते बोलले. सुमनच्या आईने ते खरं मानलं. मी ते मानू दिलं.

मी विज्ञान सोडायला निघाले तेव्हा मात्र सर चिडले. "काऊन सोडून राह्यली? तुले जे माहीत आहे, ते बाकीच्या पोरींले कोन सांगन?" आज मी एटापल्लीत रसायनशास्त्र शिकवते. निवृत्त होईपर्यंत सर तेच गणित दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहीत आणि खाली एक ओळ जोडत : खोलीत कोण आहे, दार उघडं आहे का? मीही लिहिते. उत्तर बरोबर आणि ती ओळ कोरी, तर शून्य.

सर दर वर्षी सुमनच्या गावी जातात. तिची आई त्यांना बसा म्हणत नाही, पाणी विचारत नाही. सर अंगणाबाहेर मोहाच्या झाडाखाली थोडा वेळ बसतात, खोकतात आणि परत येतात. तो खोकलाही त्याच न्हाणीघरातला आहे. इतकी वर्षं हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. मला माझीच लाज वाटते.

इथवरचा मजकूर मंडळाकडे देण्याआधी मी त्या गावी गेले आणि सुमनच्या आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ चिंचा फोडत राहिली. मग म्हणाली, "सर कितीक वर्साचे झाले?"

"पंच्याहत्तर."

"मंग लवकर या म्हना. पानी पिऊन जा म्हना." आणि माझ्याकडे न बघता, "तू नोको येजो."

सर, तुम्ही रागवाल हे ठाऊक आहे. रागवायलाही छाती धड हवी. तेव्हा श्वासाचा पंप खिशात ठेवा, थंडीत मफलर सोडू नका आणि शंभरी गाठा. यंदा गेलात की मोहाखाली थांबू नका, दारापर्यंत जा. पाणी ठेवलेलं असेल.